तिकिटाच्या पैशावर बस चालत नाही, चालवूही नये

"बेस्ट तोट्यात आहे" हे मुंबई पालिकेच्या या बससेवेबद्दल मी शाळेत असल्यापासून ऐकते आहे. मे २०२५ मध्ये साध्या बसचं किमान भाडं ५ वरून १० रुपये झालं आणि एसीचं ६ वरून १२, तेव्हाही हेच कारण सांगितलं गेलं. भाडेवाढीवर सगळ्यांचं बोलून झालं, शिव्या घालून झाल्या, आणि आपण मुकाट्याने दहाची नोट काढायला लागलो. मला मात्र थोडं मागे जायचं आहे, करोनाच्या दोन वर्षांत. आज स्टॉपवर आपण अर्धा अर्धा तास उभे असतो त्याचं बरंचसं उत्तर तिथे आहे, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही म्हणून हे लांबलचक लिहिते आहे.

आधी २०१९ आठवा. त्या वर्षीच्या जुलैत किमान भाडं ८ वरून ५ रुपये झालं, पाच किलोमीटरपर्यंत. पालिकेने अनुदान द्यायचं, बेस्टने भाडं खाली ठेवायचं आणि गाड्या वाढवायच्या, त्यातल्या पुष्कळशा खासगी मालकांकडून भाडेतत्त्वावर घ्यायच्या, असा तो एकंदर व्यवहार होता. भाडेतत्त्वाबद्दल माझे आक्षेप तेव्हाही होते, पुढे येतेच त्यावर. पण पाच रुपयांनी काय जादू केली ती सगळ्यांनी पाहिली. स्टेशनबाहेर शेअर रिक्षाच्या रांगेत उभी राहणारी माणसं बसच्या रांगेत आली. वीस लाखांच्या आतबाहेर घुटमळणारी रोजची प्रवासीसंख्या काही महिन्यांत तीस लाखांच्या पुढे गेली. शाळा सुटल्यावर दोन पोरांना घेऊन चालत घरी येणारी बाई बसने यायला लागली, कारण दहा रुपयांत तिघं बसत होती, धाकट्याचं तर तिकीटही लागत नव्हतं. हे गणित जमायला चार-पाच वर्षं तरी हातात हवी होती. मिळाले आठ महिने.

२२ मार्च २०२० ला जनता कर्फ्यू होता आणि त्याच रात्रीपासून लोकल बंद झाली. वर्सोवा-घाटकोपर मेट्रोही बंद. रोज पाऊणशे लाखांहून जास्त माणसं वाहून नेणारी लोकल थांबल्यावर या शहरात हलायला उरलं काय? बेस्ट. दवाखान्यांत जाणारे, पालिकेचे सफाई कामगार, पोलिस, वीज-पाणी खात्यातली माणसं, सगळ्यांचा भार त्या लाल गाड्यांवर आला. १५ जूनला अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठी लोकल सुरू झाली, बायकांना ऑक्टोबरात गर्दीची वेळ सोडून मुभा मिळाली, आणि बाकीच्यांना थेट १ फेब्रुवारी २०२१ ला, तेही ठरावीक वेळांत. एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेत ती दारं पुन्हा लागली आणि दोन डोस घेतलेल्यांसाठी १५ ऑगस्टला उघडली. या सगळ्या काळात सामान्य माणसाला बसशिवाय दुसरा आधार नव्हता.

आमच्या विक्रोळीच्या कन्नमवार नगरातून परळच्या रुग्णालयांत कामाला जाणाऱ्या बऱ्याच बायका आहेत. कोणी आया, कोणी लॅबमध्ये, कोणी कपडे धुण्याच्या विभागात. शेजारच्या एक ताई त्यातल्याच. त्यांच्याबरोबर मी त्या दिवसांत एकदा परळपर्यंत गेले होते, आत्याला डबा द्यायचा होता. स्टॉपवर चुन्याने आखलेले गोल. गाडीत दोन माणसांच्या बाकावर एकाने बसायचं, शेजारच्या जागेवर फुली मारलेली. उभे फक्त पाच. कंडक्टरने प्लॅस्टिकचं शील्ड लावलं होतं आणि हातमोजे घातले होते, पण मोज्यातून मशीनची बटणं नीट दाबली जात नव्हती, म्हणून उजव्या मोज्याचा अंगठा कात्रीने कापून टाकला होता. बाकी चार बोटं झाकलेली आणि तो एक अंगठा उघडा. त्याच अंगठ्याने तो प्रत्येकाकडून पैसे घेत होता. ताई त्याला म्हणाल्या, "अहो दादा, निदान पैसे तरी डब्यात टाकायला सांगा." तो म्हणाला, "सांगतो ना ताई, सगळे हातातच देतात. सुट्टे परत द्यावे लागतात त्याला काय करू?" सायन हॉस्पिटलच्या स्टॉपवर निम्मी गाडी उतरली. पुढे जेमतेम दहाएक माणसं घेऊन ती मोठी गाडी परळला गेली.

त्या गाडीचा हिशोब आता मांडून बघा. आत साठ माणसं असोत की दहा, ड्रायव्हर-कंडक्टरचा पगार तेवढाच. सीएनजी किंवा डिझेल जवळजवळ तेवढंच. डेपोतला मेकॅनिक, वॉचमन, टायर, विमा, कर्जाचा हप्ता, कशातच काही कमी होत नाही. भाडेतत्त्वावरच्या गाडीला तर किलोमीटरमागे पैसे द्यायचे असतात, आत प्रवासी किती याच्याशी मालकाला देणंघेणं नाही. वर रोजची फवारणी, मास्क, सॅनिटायझर, आजारी पडलेल्यांच्या जागी बदली माणसं. खर्चाची बाजू वाढली. आणि जमेच्या बाजूला? सरकारने नियम केला की अर्धी गाडी रिकामी ठेवा. नियम अगदी बरोबर होता, तो नसता तर आणखी माणसं गेली असती. पण त्या फुली मारलेल्या सीटचं भाडं कोण भरणार, हा प्रश्न त्या वेळी कुठल्याच आदेशात नव्हता. ते भाडं कोणीच भरलं नाही. ते बेस्टच्या वहीत तूट म्हणून चढलं, आणि मग दोन वर्षांनी, चार वर्षांनी तीच तूट दाखवून आपल्याला सांगितलं गेलं की बघा, बससेवा परवडत नाही.

मला याचा मनापासून राग येतो. लोकांचा जीव वाचवायला गाडी रिकामी चालवायची ठरली, आणि रिकामी चालली म्हणून शिक्षा गाडीलाच.

साथ आली की सार्वजनिक वाहतुकीचा पैसा असाच आटतो, जगभर. लंडनच्या वाहतूक यंत्रणेचा चालू खर्च बहुतांशी तिकिटांवर निघायचा. २०२० च्या वसंतात ट्यूब, म्हणजे तिथली भुयारी रेल्वे, ओस पडली आणि काही आठवड्यांत तिजोरीचा तळ दिसायला लागला. मे महिन्यात तिथल्या केंद्र सरकारला १.६ अब्ज पौंडांची मदत द्यावी लागली, आणि तीही अटी घालून, भाडं वाढवा वगैरे. नंतर पुन्हा मुदत संपली, पुन्हा वाटाघाटी, पुन्हा काही महिन्यांची सोय. न्यूयॉर्कची यंत्रणाही अशीच तिकिटांवर आणि टोलवर उभी, तिला वाचवायला अमेरिकेच्या केंद्र सरकारने अब्जावधी डॉलर ओतले. मार्च २०२० च्या पहिल्याच मोठ्या मदत कायद्यात त्यांनी देशभरच्या सार्वजनिक वाहतुकीसाठी २५ अब्ज डॉलर वेगळे काढले होते. ती मदत पुरेशी होती की नव्हती यावर तिकडे वाद आहेत. माझ्या दृष्टीने महत्त्वाचं एवढंच, की बस आणि भुयारी रेल्वे चालू ठेवणं ही साथीच्या खर्चातलीच एक बाब आहे असं त्यांनी मानलं. आपण मानलं नाही. आपल्याकडे मदतीच्या मोठमोठ्या घोषणांत शहरातल्या बसची ओळ मला तरी सापडली नाही.

आपल्याकडेच रेल्वेचं आणि बसचं काय झालं ते शेजारी शेजारी ठेवून बघा. लोकल महिनोन् महिने बंद होती, तरी मोटरमनचा, गार्डचा पगार चुकला नाही, कारण मागे केंद्राचा खजिना होता. त्यांचा पगार झाला याचा मला आनंदच आहे. पण एसटीचं काय झालं? बेस्टच्या मदतीला एसटीच्या हजार गाड्या मुंबईत आणल्या. सांगली, सातारा, कुठून कुठून ड्रायव्हर-कंडक्टर आले, अनोळखी रस्त्यांवर गाड्या चालवल्या, त्यातले कितीतरी आजार घेऊन गावी परतले. आणि त्याच एसटीत दिवाळीच्या तोंडावर पगार थकलेले होते. नोव्हेंबर २०२० मध्ये कर्मचाऱ्यांच्या आत्महत्येच्या बातम्या आल्या, तेव्हा कुठे राज्य सरकारने एक हजार कोटींचं पॅकेज जाहीर केलं. ज्या एसटीच्या तिकिटावर सरकार वर्षानुवर्षं साडेसतरा टक्के प्रवासी कर घेत आलं, तिला संकटात पैसे द्यायला माणसं मरावी लागली. पुढच्याच वर्षी तो साडेपाच महिन्यांचा संप झाला. त्या संपातल्या पुढाऱ्यांबद्दल कोणाचं काही मत असो, त्याची मुळं या थकलेल्या पगारांत होती.

नालासोपाऱ्याचा २२ जुलै २०२० चा दिवस आठवतो का कोणाला? एसटीच्या गाड्यांची वाट बघून वैतागलेली माणसं स्टेशनात घुसली आणि रुळांवर उतरली. साथीच्या ऐन भरात, मास्क लावून, रेल रोको. त्यांना आंदोलनाची हौस नव्हती. कामावर गेलं नाही तर पगार नाही, आणि जायला गाडी नाही, म्हणून आली होती ती माणसं. वसई-विरार, कल्याण-डोंबिवली, पनवेल इथल्या माणसाने ती दोन वर्षं कशी काढली हे मुंबईत गाडी असणाऱ्याला खरंच माहीत नाही. दोन-दोन बस बदलून चार-चार तास प्रवास. जो दुचाकी घेऊ शकला त्याने हप्त्यावर घेतली, आणि तो बसकडे परत आला नाही. साथीनंतरचा हा नुकसानीचा भाग कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही. शहरातल्या नोंदणीकृत गाड्यांची संख्या चाळीस लाखांच्या पुढे गेली, त्याच रस्त्यांवर बस अडकते, फेऱ्या कमी होतात, फेऱ्या कमी झाल्या की आणखी माणसं सुटतात.

आता पैशाकडे येते. बेस्टकडे एके काळी स्वतःचा उपाय होता. शहर भागात, म्हणजे कुलाब्यापासून सायन-माहीमपर्यंत, बेस्ट वीजपुरवठा करते, आणि विजेतला नफा बसकडे वळवला जायचा. १९४७ साली पालिकेने हा उपक्रम ताब्यात घेतला तेव्हापासून कमीजास्त प्रमाणात हेच चाललं. २००३ च्या वीज कायद्यानंतर ते अवघड झालं. मग काही वर्षं शहर भागातल्या ग्राहकांच्या वीजबिलावर बसच्या तुटीचा वेगळा आकार लावला गेला, तोही पुढे बंद झाला. तो आकार न्याय्य नव्हता हे मला मान्य आहे. गिरगावातल्या भाडेकरूने मुलुंडच्या बसचे पैसे वीजबिलातून का भरायचे? पण तो काढून घेताना त्याच्या जागी काय ठेवणार हे ठरवायला हवं होतं. काही ठेवलं नाही. २०१३ मध्ये पालिकेने १६०० कोटी दिले ते कर्ज म्हणून, दहा टक्के व्याजाने. आपल्याच उपक्रमाला! म्हणजे करोना आला तेव्हा बेस्टच्या अंगावर आधीच कर्ज होतं, विजेचा आधार गेलेला होता, आणि भाडं कमी करून नुकतीच कुठे ती उभी राहत होती. पायाखालची जमीन सरकली असं म्हणायचं तर जमीन आधीच काढून घेतली होती.

त्याच काळात दुसरीकडे सरकारचा हात आखडलेला नव्हता, हे मुद्दाम नोंदवून ठेवते. घरांची विक्री मंदावली म्हणून सप्टेंबर २०२० मध्ये मुद्रांक शुल्क पाचाचं दोन टक्के केलं. जानेवारी २०२१ पासून वर्षभर बिल्डरांना बांधकाम प्रीमियममध्ये, म्हणजे बांधकामाच्या परवानगीसाठी भरायच्या शुल्कात, निम्मी सूट दिली. मेट्रोसारख्या प्रकल्पांसाठी मुंबईत मुद्रांक शुल्कावर जो एक टक्का अधिभार होता, तो दोन वर्षं थांबवला आणि एप्रिल २०२२ मध्ये पुन्हा लावला. घर घेणाऱ्या मध्यमवर्गीयाला त्याचा फायदा झाला असेल, मी नाकारत नाही. पण साथीत कोणाचं नुकसान भरून द्यायचं हे सरकार ठरवू शकत होतं आणि त्याने ठरवलं, एवढं यातून स्पष्ट होतं. बिल्डरचं न विकलेलं घर हे संकट मानलं गेलं. बसची न विकलेली सीट मानली गेली नाही.

परिणाम आपण भोगतोय. २०१० च्या आसपास बेस्टच्या साडेचार हजारांवर गाड्या होत्या. आज त्यापेक्षा कितीतरी कमी आहेत, आणि त्यातल्या बहुतेक बेस्टच्या स्वतःच्या नाहीत. पैसा नाही म्हणून नव्या गाड्या विकत घ्यायच्या नाहीत, जुन्या मोडीत काढायच्या, आणि रस्ता भाडेतत्त्वावरच्या गाड्यांवर सोडायचा. मग ऑक्टोबर २०२२ मध्ये एक पुरवठादार परवडत नाही म्हणून गाड्या घेऊन निघून जातो, ऑगस्ट २०२३ मध्ये कंत्राटी ड्रायव्हर पगारासाठी काम बंद करतात, कारण त्यांना त्याच कामाचे कायम ड्रायव्हरच्या निम्मेसुद्धा मिळत नाहीत. आणि डिसेंबर २०२४ मध्ये कुर्ल्याला भाडेतत्त्वावरच्या बसने गर्दीत माणसं चिरडली, ते आठवलं की आजही पोटात कालवतं. ड्रायव्हरच्या शिकवणीवर किती दिवस खर्च करायचे, हाही शेवटी पैशाचाच प्रश्न असतो. वाचवलेला पैसा कुठून तरी वसूल होतो.

आता कोणी म्हणेल, पैसे आणायचे कुठून? पालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार ४२७ कोटींचा होता. त्यात बेस्टला अनुदान एक हजार कोटी. शंभरातले दीड रुपयेसुद्धा नाहीत. पालिकेच्या ठेवी ८० हजार कोटींच्या आसपास आहेत. त्यातला मोठा भाग कर्मचाऱ्यांचा निधी, ठेकेदारांची अनामत असा बांधलेला आहे हे मला माहीत आहे, सगळ्या मोडा असं मी म्हणत नाही. पण साडेदहा किलोमीटरच्या कोस्टल रोडवर हीच पालिका तेरा हजार कोटींहून जास्त खर्च करते, त्यावर टोल नाही, आणि तो रस्ता दर वर्षी किती कमावून देतो असं कोणी विचारत नाही. बेस्टला मात्र दर वर्षी हिशोब द्यावा लागतो की तू स्वतःच्या पायावर का उभी नाहीस. आग लागली नाही त्या वर्षी अग्निशमन दलाचा पगार कापायचा का? साथीत, पुरात, लोकल बंद पडल्यावर शहर ज्या गाडीकडे धावत येतं, ती गाडी एरवीही तयार ठेवायला पैसे लागतात.

साथीनंतर या शहराने याआधी पैसा काढलेला आहे. १८९६ च्या प्लेगने मुंबई हादरली आणि १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट उभा राहिला. आजचा मोहम्मद अली रोड, प्रिन्सेस स्ट्रीट, दादर-माटुंग्याच्या वसाहती हे सगळं त्यातून आलं. त्या ट्रस्टने गरिबांची घरं पाडली आणि तेवढी नवी बांधून दिली नाहीत, हेही तितकंच खरं, तेव्हा तो आदर्श म्हणून मी सांगत नाही. पण साथ येऊन गेल्यावर शहराची रचना आणि तिला लागणारा कायमचा पैसा यांचा विचार करायचा असतो, एवढं तरी त्या परक्या सरकारला सुचलं. करोनानंतर आपण बससाठी असा कुठला कायमचा विचार केला? पालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, बेस्टचा कारभार बघणारी बेस्ट समितीही गेली, आणि पुढची कित्येक वर्षं जाब विचारायला निवडून आलेलं माणूसच नव्हतं. अनुदान दर वर्षी मागायचं, द्यायचं की नाही ते सरकारने नेमलेल्या प्रशासकाने ठरवायचं. अशा भरवशावर कोणी पाच वर्षांची गाडीखरेदी ठरवेल का?

माझी मागणी साधी आहे. बेस्टला मिळणारा पैसा पालिकेच्या उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा म्हणून लिहून द्या, दर वर्षीच्या मर्जीवर नको. तो धावलेल्या किलोमीटरवर द्या, म्हणजे गाडी रिकामी धावली तरी ड्रायव्हरचा पगार होईल. घरखरेदीवरचा तो एक टक्का अधिभार मेट्रोच्या खांबांना जातो, त्यातला वाटा मेट्रो स्टेशनपर्यंत माणसं आणून सोडणाऱ्या बसला द्या. रस्त्यावर फुकट उभ्या राहणाऱ्या गाड्यांकडून पार्किंगचे पैसे घ्या आणि ते बसला द्या. फ्रान्समध्ये शहरातल्या कंपन्या पगारखर्चाच्या प्रमाणात वाहतुकीसाठी कर भरतात. बीकेसी आणि लोअर परळच्या कार्यालयांत रोज लाखो माणसं पोहोचवणाऱ्या व्यवस्थेत त्या कंपन्यांचा वाटा काय, हे एकदा तरी चर्चेला येऊ दे.

आणि साथीसाठी वेगळी तरतूद आत्ताच करून ठेवा. पुन्हा कधी बसमध्ये अर्ध्या जागा रिकाम्या ठेवा असा आदेश निघाला, तर त्या जागांचे पैसे कोण भरणार, किती दिवसांत भरणार आणि कंडक्टरला काही झालं तर त्याच्या घरच्यांना काय मिळणार, हे त्याच आदेशाच्या त्याच पानावर, सहीच्या वर लिहिलेलं असलं पाहिजे.